पाट-परुळे रस्त्यावरची भाताची गिरण : आपलं भात, आपलेच तांदूळ

या गिरणीला बोर्ड नाही. सिंधुदुर्गात पाटहून परुळ्याकडे येताना रस्त्याला लागून चिऱ्यांची जुनी शेड दिसते, मागे तुसाचा ढीग असतो आणि मशीन चालू असेल तर वळणावरूनच पट्ट्याचा आवाज कानावर येतो. एवढीच तिची खूण. 2021 च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून या बाजूला गाड्यांची वर्दळ वाढली, पण त्यातली एकही इथे थांबत नाही. थांबतात ते भाताची पोती घेऊन आलेले रिक्षा-टेम्पो. नोव्हेंबर-डिसेंबरात तर त्यांची रांग थेट रस्त्याला लागते. आमच्या घरचं भात वडिलांच्या वेळेपासून इथेच भरडलं जातं. ज्याला आपल्या शेतातल्या भाताचे आपलेच तांदूळ घरी न्यायचे आहेत, त्याने दोन-चार किलोमीटर जास्त पडले तरी इथेच यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी दशावतारी कलाकार. स्त्रीपार्ट करतो. तारामती, द्रौपदी, अनसूया, मंदोदरी, आख्यान असेल तशी भूमिका. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्री नाटक, पहाटे दहीकाला, मग गाडीत बसून पुढचा गाव, असं मे महिन्यापर्यंत चालतं. आमच्यात संवादांची वही नसते. संध्याकाळी कथा ठरते, रंग लावता लावता कोण कुठे येणार ते ठरतं, आणि बोलणं सगळं रंगमंचावर उभं राहिल्यावर. यात आयुष्य गेलं आणि त्याचं मला फार समाधान आहे. मुलाखतीला कोणी आलं की साडी किती वेळात नेसता, आवाज कसा सांभाळता, हेच विचारतात. पावसाळ्यात काय करता, असं कोणी विचारत नाही. पावसाळ्यात मी चिखलात असतो. दशावतारातले बहुतेक जण असतात. मृग लागला की गंगावन आणि दागिने पेटीत जातात आणि आम्ही नांगराला, आता पॉवर टिलरला, हात घालतो. माझ्या या दुसऱ्या आयुष्यात ही गिरण फार मोठी जागा धरून आहे, म्हणून तिच्याबद्दल नीट लिहायचं ठरवलं.

आजीच्या वेळी आमच्या घरात घिरट, म्हणजे भात भरडायचं जातं, होतं. घिरटावर भात भरडायचं, मग वायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, मुसळाने कांडायचं. वडिलांनी या गिरणीत बैलगाडीने भात आणायला सुरुवात केली तेव्हा इथे डिझेल इंजिनावर चालणारा जुना लोखंडी हलर होता. तो तूस आणि कोंडा एकदमच काढायचा, कणीही बरीच पडायची. आता रबरी रोलचं मशीन आहे. दोन रबरी रोल उलटसुलट दिशेने आणि वेगवेगळ्या वेगाने फिरतात, दाणा मधून जाताना घासला जातो आणि तूस सुटतं. पंखा ते तूस मागे उडवतो, दाणा पुढच्या भांड्यात जाऊन थोडा घासून निघतो. सगळी करामत त्या दोन रोलांमधल्या फटीत असते. फट जास्त राहिली तर भात तसंच बाहेर पडतं, कमी झाली तर दाणा मोडतो. आणि जाड भाताची फट बारीक भाताला चालत नाही.

इथेच या गिरणीचा खरा गुण दिसतो. गिरण चालवतात ते बापू आणि त्यांची सून. तिला आम्ही सगळे वयनी म्हणतो. पोतं उघडलं की बापू पहिल्यांदा कोपरापर्यंत हात आत घालतात. वरचं भात बघत नाहीत, तळातलं मूठभर बाहेर काढतात. त्यातले चार-पाच दाणे हाताने सोलतात आणि एक दाणा दाढेखाली घेतात. कट्ट आवाज आला तर पोतं रांगेत. दाणा दाबला गेला, नुसताच चेपला, तर पोतं बाजूला. भातात ओल शंभरात 14 च्या आसपास असावी असं शेतकी खात्याचे लोक यंत्राने मोजून सांगतात. बापूंचं यंत्र म्हणजे त्यांची दाढ. चार दाण्यांवरून त्यांना फटही कळते, मग ते मशीनकडे जाऊन चाक किंचित फिरवतात, पहिला पसाभर माल काढून उजेडात बघतात, पुन्हा किंचित फिरवतात. प्रत्येक पोत्याला हे असं. मी अजून त्यांना हे टाळताना बघितलेलं नाही.

एकदा माझ्या पुढे लांबच्या गावचे एक गृहस्थ होते. टेम्पो करून आले होते, पोती बरीच होती. बापूंनी दाणा चावला आणि मान हलवली. त्या माणसाचा चेहरा उतरला, टेम्पोचं भाडं फुकट जाणार होतं. मी मध्ये पडलो. म्हटलं, "बापू, लांबसून इलो हा तो, घालून टाका." बापू म्हणाले, "नाटकातला तुका कळता, भातातला माका. ह्यां भात आज घातलंय तर सगळी कणी होतली. मगे तो घराकडे जावन बायकोक काय सांगतलो?" आणि त्यांनी काय करावं? ती सगळी पोती आपल्या घरामागच्या खळ्यात ओतायला लावली, दोन उन्हं दिली, राखण स्वतः केली आणि मग भरडली. वाळवणीचे पैसे वेगळे लावले नाहीत. ते गृहस्थ आता दरवर्षी येतात.

दुसरी गोष्ट सरमिसळीची. बाजारातल्या एका मोठ्या गिरणीत आम्ही एक वर्ष वालय दिलं होतं. वालय हे आमच्याकडचं जुनं लाल भात, वडिलांनी बी राखून आणलेलं. परत आले ते पांढरे आणि लाल असे दोन रंगांचे तांदूळ, आणि वर "ताई, सगळं एकच असतं" हे बायकोला ऐकून घ्यावं लागलं. एकच नसतं. आमच्याकडे एका कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, रत्नागिरी-8 असतं, कृषी विद्यापीठाच्या शिरगाव केंद्राची जात, उत्पन्नाला चांगली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण पेज वालयचीच. कोणी सोरटीवर जीव टाकतं, कोणी बेळ्यावर. ज्याने ते पेरलं, लावलं, राखलं त्याला तेच परत मिळायला हवं. इथे वयनी प्रत्येक घराच्या भातानंतर मशीन रिकामं करतात, खालचं भांडं कुंच्याने झाडतात, आणि पहिली ओंजळ बाहेर पडते ती पुढच्याच्या पोत्यात न घालता वेगळ्या टोपलीत टाकतात. ती टोपली संध्याकाळी त्यांच्या कोंबड्यांना. याला वेळ लागतो. रांगेतले काही जण कुरकुरतात. वयनी ऐकून घेतात आणि झाडत राहतात.

आता उकड्याबद्दल, म्हणजे उकडून वाळवलेल्या भाताबद्दल, कारण माझं या गिरणीशी खरं नातं जुळलं ते तिथून.

2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम ऐन भरात होता. ठरलेल्या जत्रा एका दिवसात गेल्या. रंगसामानाचा पेटारा कंपनीच्या मालकाच्या पडवीत पडून राहिला, त्याला रोज उदबत्ती तेवढी दाखवायची. आम्ही नाईटवर, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाच्या पैशावर, पोट भरणारी माणसं. नाईट नाही तर काही नाही. त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा पेरणीपासून मळणीपर्यंत एक दिवसही न चुकवता शेतात होतो. तोपर्यंत लावणी झाली की माझं काम संपायचं आणि कापणीच्या सुमारास तालमी सुरू व्हायच्या, पुढचं सगळं आई आणि बायको बघायच्या. पुढच्या वर्षी बायकोचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. आई तोपर्यंत गेली होती. घरात वर्षभराचे उकडे तांदूळ व्हायचे होते, आणि ते करणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. बायको पडवीत खुर्चीवर बसून सांगत होती आणि मी करत होतो.

ज्यांनी उकडा केलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भात आदल्या संध्याकाळी पाण्यात भिजत घालायचं, वर तरंगणारं पोल, म्हणजे पोकळ दाणे, काढून टाकायचं. दुसऱ्या दिवशी मोठ्या टोपात चुलीवर चढवायचं. खाली जाळ एकसारखा लागतो, म्हणून नारळाची सोडणं आणि माडाच्या झावळांच्या पिड्या आधीच वाळवून ठेवायच्या. पाणी कढलं की वास बदलतो. सुरुवातीला ओल्या गवताचा असतो, मग भाजलेल्या शेंगेसारखा गोडूस येतो. तेव्हा झाऱ्याने चार दाणे काढून बघायचे. तुसाला बारीक चीर गेली, आतला दाणा जेमतेम दिसला, की टोप उतरवायचा. उतरवायला उशीर झाला तर भात फुलतं आणि पुढे गिरणीत त्याचं पीठ होतं. मग ते वाफाळतं भात सारवलेल्या खळ्यात ओतायचं, पसरायचं आणि दिवसभर दर थोड्या वेळाने पायाने फिरवायचं. पाऊल न उचलता, घासत घासत, भातात लांब रेघा ओढत चालायचं. ऊन वर आलं की तळपाय पोळतात. कावळे, कोंबड्या, शेजारची गाय, सगळ्यांवर डोळा ठेवायचा. सांजेला गोळा करून झाकायचं, सकाळी पुन्हा पसरायचं.

हरिश्चंद्राच्या आख्यानात तारामती दासी म्हणून विकली जाते आणि दुसऱ्याच्या घरी पाणी भरते, कांडप करते. हा प्रवेश मी कितीतरी जत्रांत केला आहे. बायका पदराने डोळे पुसायच्या. मला ते दुःख आवाजातून काढायची सवय होती, पेटीवाला स्वर धरून ठेवायचा आणि मी त्यात शिरायचो. उकडा केला त्या वर्षी टोप उतरवून सरळ उभा राहिलो आणि माझा हात आपोआप कमरेवर गेला, पालथा. तळहात ओला आणि पोळलेला असतो, म्हणून तो पालथा जातो. आई अशीच उभी राहायची. चुलीपाशी, विहिरीवर, मळणीत, कायम पालथा हात कमरेवर. लहानपणापासून बघत होतो. हंगाम पुन्हा सुरू झाल्यावर तारामती उभी केली ती तशी. संवाद त्या जागी मी आता बोलतच नाही. घागर ठेवायची, हात पालथा कमरेवर, आणि मृदंगवाल्याकडे बघायचंसुद्धा नाही. तो समजून थांबतो. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या काकीने जत्रेनंतर माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि काही न बोलता निघून गेली. मला आजवर मिळालेल्या हारतुऱ्यांत त्याची बरोबरी करणारं काही नाही.

तर तो उकडा घेऊन मी बापूंकडे गेलो. त्यांनी दाणा चावला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोणी केलंन?" मी म्हटलं, मी. ते पोतं त्यांनी स्वतः उचलून मशीनवर घेतलं. उकड्याचा दाणा चिवट असतो. वाफेने आतला पिठूळपणा जाऊन दाणा एकसंध होतो, म्हणून नीट वाळलेला उकडा मोडत नाही, कणी अगदी थोडी पडते. कोंड्यातलं जीवनसत्त्वही उकडताना दाण्यात उतरतं, त्यामुळे उकडे तांदूळ अंगाला लागतात ही आमच्या बायांची समजूत खरीच आहे. पण मशीनवाल्याने पांढरे दिसावेत म्हणून जास्त घासले तर वरचा लाल थर जातो आणि मग वालय आणि दुकानातला तांदूळ यात काही फरक राहत नाही. बापू विचारतात, "पेजेक की जेवणाक?" पेजेला म्हटलं तर हात राखून घासतात, थर ठेवतात. जेवणाला म्हटलं तर थोडे जास्त. हा प्रश्न विचारणारी दुसरी गिरण मी पाहिलेली नाही.

साधारण 100 किलो चांगल्या भाताचे 65 ते 70 किलो तांदूळ हातात येतात. बाकी तूस आणि कोंडा. बऱ्याच ठिकाणी कोंडा गिरणीवाला ठेवून घेतो आणि त्या बदल्यात दर कमी लावतो. इथे दर किलोमागे रुपयाभर जास्त आहे, पण कोंडा, कणी सगळं आपलं आपल्याला मिळतं. ज्याच्याकडे गुरं-कोंबड्या आहेत त्याला हे परवडतं. आमच्याकडे कणीच्या आंबोळ्या होतात, आजारी माणसाला कण्यांची पेज होते, कोंडा म्हशीला जातो. तूस हवं असेल तर फुकट भरून न्या. आमच्या शेजारचे लोक अजून त्याची दात घासायला राखुंडी करतात.

2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळाचा पाऊस आला तेव्हा या भागातलं कापलेलं भात शेतातच भिजलं. आडव्या लोंब्यांना कोंब फुटले. लोक ते वाळवून इथे घेऊन आले, कारण टाकवत नव्हतं. बापूंनी चांगलं भात आधी भरडून घेतलं, मशीन झाडलं आणि मग कोंब आलेलं सगळं शेवटी चालवलं. "खाऊ नकात, जनावरांक घाला," असं प्रत्येकाला सांगितलं आणि त्याची मजुरी घेतली नाही. मी तेव्हा तिथे होतो. एक बाई पोत्यावर बसून रडत होती आणि वयनी तिला चहा देत होत्या.

आता ज्या गोष्टी बदलायला हव्यात त्या. धूळ फार आहे. पंखा तूस बाहेर फेकतो, पण शेडला खिडकी एकच, त्यामुळे आत उभं राहवत नाही. गाणाऱ्या-बोलणाऱ्या माणसाने तर तोंडाला पंचा बांधल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, नाहीतर रात्रीच्या प्रयोगाला घसा बसलाच. वयनी दिवसभर त्या धुळीत असतात, त्यांच्यासाठी तरी दुसरी खिडकी पाडावी, हे मी बापूंना सांगितलं आहे आणि इथेही लिहून ठेवतो. रांगेत म्हाताऱ्या बाया असतात, त्यांना बसायला बाकडं आहे पण त्यावर सावली नाही. चार माडाची झावळं घातली तरी पुरे. दुपारी कधीकधी विजेचा दाब कमी होतो आणि मशीन थांबवावं लागतं, मग ताटकळणं आलं. फोन लागत नाही, लागला तर आवाजात ऐकू येत नाही. आणि ज्यांना बाजारासारखे पांढरेशुभ्र, चकचकीत तांदूळ हवेत त्यांनी येऊ नये. ते मशीन इथे नाही आणि बापू बसवणार नाहीत.

हल्ली घरगुती छोटी मशीनं निघाली आहेत, साध्या विजेवर चालतात, अनुदानही मिळतं. आमच्या वाडीत एकाने घेतलं आहे. रोजच्या पाच-दहा किलोला ते बरं. पण उकड्याला त्याची फट बसवणं जमत नाही, तोही शेवटी पोतं बांधून इथेच येतो.

प्रयोग करून पहाटे घरी आलो की मी आधी पेज घेतो. वालयच्या उकड्याची, तांबूस पाण्याची, दाणा मऊ पण अख्खा. बरोबर चुलीत भाजलेला खारा बांगडा किंवा लिंबाचं जुनं लोणचं. रात्रभर बोलून तापलेला गळा पहिल्या दोन घोटांत निवतो. गोव्यात प्रयोग असले की आयोजक चांगलंचुंगलं खाऊ घालतात, त्यांच्या प्रेमाबद्दल बोलायलाच नको, पण मी बायकोकडून चार मुठी तांदूळ बांधून घेतो आणि मुक्कामाच्या घरी विनंती करून पेज करून घेतो. आमच्या कंपनीतली पोरं आता माझ्या वाट्यातली मागतात. त्यातल्या दोघांनी यंदा घरची पडीक जमीन लावली. एकाने मला विचारलं, भात खय भरडूचा? मी त्याला हाच पत्ता दिला.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. गिरण सकाळी आठला उघडते, दुपारी जेवणाची सुट्टी असते, दिवेलागणीला बंद. चतुर्थीचे दिवस आणि गावच्या सातेरीची जत्रा, एवढे दिवस पूर्ण बंद. गर्दी नको असेल तर जानेवारीनंतर या, तोपर्यंत भातही मुरतं आणि तांदूळ चांगले पडतात. भात निदान दोन कडक उन्हं दिलेलं असावं आणि पोत्यात गरम भरू नये, निवल्यावर भरावं. तांदूळ, कणी, कोंडा यांसाठी वेगवेगळ्या पिशव्या आपल्या आपण आणाव्यात. दोन जातींचं भात असेल तर पोत्यांना वेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधून आणा, वयनींना ते सोपं जातं. आणि जत्रेच्या हंगामात रात्रीचे प्रयोग असलेल्या आमच्या मंडळींनी आदल्या दिवशी पोतं नेऊन ठेवावं. बापू ठेवून घेतात, सकाळी पहिलं घालतात, आणि झोप काढून दुपारी गेलं तरी तांदूळ बांधून तयार असतात.